एक दप्तर, अनेक लेखण्या

अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या सह्याद्रीमाथ्यापासून जामखेडच्या बालाघाटी पठारापर्यंत पसरलेला, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तो किल्ल्यासाठी, संतांसाठी आणि साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु जमिनीच्या नोंदीची शिस्त ही त्याची तितकीच जुनी मिरास आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी इजाऱ्याची चाल मोडून, जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरविण्याचा शिरस्ता घातला. त्यानंतर राज्ये आली आणि गेली, पण कोणाची किती जमीन आणि तिच्यावर सरकारचे किती देणे, हे लिहून ठेवणारे दप्तर कोणत्याही राजवटीला टाळता आले नाही. कुळकर्ण्याच्या वाड्यातील पेटीत असो की तलाठ्याच्या कचेरीतील कपाटात असो, त्या दप्तराचे एक लक्षण मात्र शतकानुशतके कायम राहिले: गावचे दप्तर एक, आणि त्यात लिहिणारा हातही एक.

हे लक्षण आपल्या डोळ्यांदेखत पालटले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला आणि शेवगावच्या किंवा पाथर्डीच्या खातेदाराला पंधरा रुपये शुल्क भरून तो पुण्यामुंबईत बसूनही काढता येऊ लागला. चौदा तालुक्यांचे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मंडल अधिकारी, नोंदणी कचेऱ्या, पीककर्ज देणाऱ्या बँका आणि स्वतः खातेदार असे सगळे एकाच वेळी एकाच नोंदींकडे वळतात. जमीनमहसुलाचे सोडून दिले तरी जिल्हा बँकेच्या शाखांतील खाती, पतसंस्थांचे हिशेब, इस्पितळातील रुग्णांचे कागद यांची गत हीच आहे. दप्तर एकच राहिले, लेखण्या मात्र असंख्य झाल्या. आणि असंख्य लेखण्यांनी एकाच दप्तरात लिहावे, तरीही त्यातील मजकूर बिघडू नये, ही किमया कशी साधते याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मोठ्या कामासाठी एक संगणक पुरत नाही. म्हणून अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांचा समूह करतात. त्यालाच क्लस्टर म्हणतात. समूहाचे प्रयोजन दुहेरी असते: काम वाटून घ्यावे हे एक, आणि एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने ते विनाखंड पुढे चालवावे हे दुसरे. हे दुसरे प्रयोजन सिद्धीस जायचे, तर नोंदी त्या बंद पडलेल्या सर्व्हरच्या पोटात असून चालत नाही. त्या सर्वांना सारख्याच हाताशी लागतील अशा तिसऱ्याच ठिकाणी असाव्या लागतात. ते ठिकाण म्हणजे सामाईक साठा. त्यात शेकडो डिस्क एकत्र करून त्यांचा एक मोठा संचय करतात आणि त्या संचयातून गरजेप्रमाणे लहानमोठे भाग आखून देतात. अशा प्रत्येक भागाला व्हॉल्यूम म्हणतात. व्हॉल्यूम ही नुसती रिकामी जागा. तिच्यात कोणती फाइल कोठे सुरू होते, तिचे तुकडे कोणकोणत्या कप्प्यांत आहेत, कोणते कप्पे रिकामे आहेत, मालक कोण आणि वाचण्याची मुभा कोणाला, ही सारी व्यवस्था जी ठेवते तिचे नाव फाइल सिस्टीम. जुन्या दप्तरखान्याच्या भाषेत सांगायचे तर फडताळे म्हणजे डिस्क, एखाद्या महालासाठी राखून ठेवलेली खोली म्हणजे व्हॉल्यूम, आणि कोणता रुमाल कोणत्या फडताळात बांधून ठेवला आहे हे सांगणारी बारनिशी म्हणजे फाइल सिस्टीम. बारनिशी हरवली तर कागद असूनही नसल्यासारखे होतात, हे ज्याने दप्तरखाना पाहिला आहे त्याला निराळे सांगावयास नको.

आता खरी अडचण येथूनच सुरू होते. एकच व्हॉल्यूम दोन सर्व्हरांना जोडून देणे मुळीच कठीण नाही. तार जोडली आणि दोन आज्ञा दिल्या की ते होते, आणि अननुभवी माणूस तसे करूनही बसतो. परंतु आपल्या नेहमीच्या संगणकावरील फाइल सिस्टीम, उदाहरणार्थ लिनक्सवर सर्वत्र आढळणारी एक्स्ट-फोर, ही आपण एकटेच मालक आहोत अशा समजुतीवर रचलेली असते. वेग वाढावा म्हणून ती बारनिशीची एक नक्कल स्वतःच्या स्मृतीत बाळगते आणि प्रत्येक वेळी मूळ बारनिशी उघडून पाहण्याचे कष्ट घेत नाही. एकाच दप्तरखान्यात दोन कारकून, दोघांजवळही सकाळी उतरवून घेतलेली रिकाम्या कप्प्यांची यादी, आणि एकाने काय भरले याची दुसऱ्याला वार्ता नाही, अशी स्थिती कल्पावी. पहिला कारकून चाळिसाव्या कप्प्यात खरेदीखत ठेवतो. दुसऱ्याच्या यादीत तोच कप्पा रिकामा असल्यामुळे तो तेथे वारसनोंद ठेवून खरेदीखत बाहेर टाकतो. आणि दोघेही प्रामाणिकपणे आपापल्या यादीवर काम झाल्याचा शेरा मारतात. लबाडी कोणाचीच नाही, तरी दप्तर भ्रष्ट झाले. आणि याचा पत्ता त्या क्षणी लागत नाही, तर कित्येक दिवसांनी, ते खत कोणी मागावयास आला म्हणजे लागतो.

या अनर्थावर उपाय म्हणून ज्या निराळ्या फाइल सिस्टीम घडविल्या गेल्या त्यांना समूहाच्या, म्हणजे क्लस्टर फाइल सिस्टीम म्हणतात. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने १९८०च्या दशकात आपल्या व्हॅक्स यंत्रांचे समूह बांधले तेव्हा सर्व यंत्रांत विभागलेल्या कुलुपांचा एक व्यवस्थापक निर्माण केला, आणि पुढील बहुतेक रचनांनी तीच कल्पना उचलली. १९९०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेली जीएफएस, आयबीएमने १९९८मध्ये आणलेली जीपीएफएस आणि ऑरॅकलची ओसीएफएस-टू या त्याच कुळातल्या. कुलुपाचा नियम ऐकायला सोपा आहे. एखादा मजकूर वाचायचा असेल तर वाचनाचे कुलूप घ्यावे. ते एकाच वेळी कितीही जणांना मिळते. लिहायचे असेल तर लेखनाचे कुलूप घ्यावे. ते एका वेळी एकालाच मिळते, आणि ते देण्यापूर्वी बाकीच्या सर्वांना आपापल्या नकला टाकून देण्याची ताकीद जाते. या व्यवस्थेला किंमतही पडते. प्रत्येक कुलुपासाठी निरोपांची देवघेव होते, आणि दोन सर्व्हर एकाच फाइलवर हट्टाने आळीपाळीने लिहू लागले तर लेखनापेक्षा निरोपांतच अधिक वेळ जातो. म्हणून जाणता व्यवस्थापक कामांची वाटणी अशी करतो की दप्तर सामाईक असले तरी प्रत्येक सर्व्हर शक्यतो आपल्याच महालात लिहील, आणि दुसऱ्याच्या महालात शिरण्याचा प्रसंग क्वचित येईल.

कुलुपाने गर्दी आवरते, पण अपघात आवरत नाही. लिहिता लिहिता वीज गेली आणि नोंद अर्धवट राहिली, तर काय करावे? या प्रश्नाला संगणकशास्त्राने दिलेले उत्तर आपल्या महसूल खात्याला आधीपासून ठाऊक होते. जमिनीचा हक्क पालटला तर तलाठी सात-बारावर एकदम हात चालवीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५०प्रमाणे ती नोंद प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत सरते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच गाव नमुना सातवर अंमल चढतो. मध्येच काही विघ्न आले तरी फेरफाराच्या वहीवरून काय करावयाचे होते आणि ते कोठवर झाले हे कळते. फाइल सिस्टीमची रोजनिशी, जिला जर्नल म्हणतात, ती हेच काम क्षणार्धात करते: मूळ बारनिशीला हात लावण्यापूर्वी इच्छित बदल रोजनिशीत लिहून ठेवते, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की रोजनिशीतील पूर्ण नोंदी अंमलात आणून अपुऱ्या रद्द करते. समूहात प्रत्येक सर्व्हरची रोजनिशी स्वतंत्र असते, पण ती सामाईक साठ्यावरच ठेवतात, जेणेकरून एक सर्व्हर मेला तर त्याची वही वाचून दुसऱ्याला त्याचे राहिलेले काम निस्तरता यावे. म्हणूनच जीएफएस-टूसारख्या फाइल सिस्टीमला नवा सर्व्हर जोडताना त्याच्या नावे आधी एक नवी रोजनिशी निर्माण करावी लागते. वहीच नाही त्याला दप्तरात प्रवेश नाही.

यापुढचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: सर्व्हर मेला हे ठरवावयाचे कोणी? समूहातील सर्व्हर एकमेकांना सतत हाका घालीत असतात. एकाची हाक येईनाशी झाली म्हणजे तो मेला असेल, किंवा मधली तार तुटली असेल, किंवा तो क्षणभर गुंगून गेला असेल. तार तुटली असेल तर दोन्ही बाजूंना दुसरीच बाजू मेली असे वाटते, दोन्ही बाजू आपल्यालाच वारस समजून सामाईक साठ्यावर लिहू लागतात, आणि वर सांगितलेला दोन कारकुनांचा अनर्थ पुन्हा उभा राहतो. त्यावर दोन नियम आहेत. पहिला गणपूर्तीचा: ज्या बाजूला एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते आहेत तिनेच लिहावे, दुसरीने हात आवरावा. पाच सर्व्हरांच्या समूहात तीन एकत्र असतील तर ते चालू राहतील, दोघे थांबतील. दोनच सर्व्हर असतील तर बहुमत संभवत नाही, म्हणून तेथे तिसरा पंच म्हणून एखादी लहानशी डिस्क किंवा वेगळे यंत्र बसवितात. दुसरा नियम अधिक कठोर आहे. ज्याची हाक येत नाही त्याला बहुमताने बाहेर काढावयाचे, म्हणजे त्याची वीज तोडावयाची किंवा साठ्याकडे जाणारी त्याची वाट बंद करावयाची, आणि हे झाल्याची खात्री पटल्यावरच त्याच्या रोजनिशीला हात घालावयाचा. याला फेन्सिंग म्हणतात. मूक झालेल्या सहकाऱ्याचा जीव घेणे क्रूर वाटते. परंतु तो मेलेला नसून गुंगीत असेल, तर जागा होताच हातातील कालबाह्य कुलुपाच्या भरवशावर लिहू लागेल, आणि त्याच्या एका ओळीने सर्वांचे दप्तर बाटेल. बाहेर काढल्याची खात्री पटली नाही, तर उरलेला समूह त्या व्हॉल्यूमवरचे काम तेथल्या तेथे रोखून धरतो.

ही गोष्ट सामान्य नागरिकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कोपरगावात किंवा श्रीगोंद्यात सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य पडले म्हणजे त्याला ते आळसाचे किंवा अनास्थेचे निमित्त वाटते, आणि पुष्कळदा त्यात तथ्यही असते: यंत्रे अपुरी असतात, जोडणी तुटलेली असते, महिनाअखेरीची गर्दी कोणी आधी हिशेबात धरलेली नसते. परंतु थांबण्याचा एक प्रकार असाही आहे की ज्यात यंत्रणा बिघडलेली नसून सावध झालेली असते. दप्तर बंद राहिल्याने एका दिवसाची खोटी होते. एकाच गटाला दोन निरनिराळे मालक लिहिले गेले तर दोन पिढ्या दिवाणी कोर्टात जातात. जमिनीच्या तंट्यांनी घरे कशी बसली हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. सामाईक साठ्याच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या एका निवडीवर उभे आहे की दोन सत्ये लिहिली जाण्यापेक्षा काही काळ एकही न लिहिले जाणे बरे.

या शास्त्राची महाराष्ट्रातील राजधानी पुणे. तेथे १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. पुढे ‘परम पद्म’ सेकंदाला एक लक्ष कोटी गणिते करण्याच्या टप्प्यावर पोहोचला आणि जून २००३च्या जागतिक यादीत १७१व्या स्थानी आला. त्याचा साठा होता अवघा ५ टेराबाइट, जो आज विद्यार्थ्याच्या पिशवीतही मावेल. परंतु त्या साठ्यावर अनेक प्रोसेसरांनी एकदम लिहावे म्हणून सी-डॅकने स्वतःची समांतर फाइल सिस्टीम रचली होती, हे अधिक महत्त्वाचे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या अलीकडच्या यंत्रात त्यासाठी लस्टर वापरतात. लस्टरची युक्ती अशी की बारनिशी एका सर्व्हरकडे आणि मजकूर अनेक सर्व्हरांकडे असतो. एका मोठ्या फाइलचे पट्टे करून ते निरनिराळ्या साठ्यांवर ठेवतात. कोणता पट्टा कोठे हे बारनिशीला एकदा विचारले की पुढे वाचणारा थेट त्या त्या फडताळाकडे जातो, आणि पन्नास फडताळे एकाच वेळी उघडतात.

या वेगाशी नगरच्या शेतकऱ्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा असून त्याचा साठा ३३ पेटाबाइट, म्हणजे ३३ हजार टेराबाइट आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले, तेही दूरचित्र माध्यमातून. कारण त्या दिवशीच्या मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला होता. मे २०२५मध्ये याच संस्थेने घडविलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिने पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या चौकटीऐवजी ६ किलोमीटरची चौकट धरली. नगर जिल्ह्याच्या क्षेत्राचा हिशेब केला तर जेथे पूर्वी सुमारे १२० चौकटी पडत तेथे आता सुमारे ४७० पडतात. ज्या जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर पावसाने न्हाऊन निघते आणि पूर्वेला कर्जत-जामखेड पर्जन्यछायेत होरपळते, तेथे चौकट लहान होणे ही केवळ गणिती चैन नव्हे. मात्र चौकट निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि त्या प्रत्येकीचे तापमान, वारा, आर्द्रता प्रत्येक टप्प्याला उतरवून ठेवावी लागते. हजारो प्रोसेसर एकदम लिहू लागतात तेव्हा साठा मंद असेल तर ते सर्व हात बांधून उभे राहतात आणि अंदाज पावसानंतर हाती येतो.

रोजच्या कारभारात मात्र व्यवस्थापकाला महासंगणकाच्या वैभवापेक्षा घरगुती काटकसरच अधिक उपयोगी पडते. जागा कोणाला किती याची मर्यादा बांधावी लागते, नाही तर एका उधळ्या माणसाची फाइल फुगून सर्वांचे लेखन अडते. कायमच्या कागदांची जागा निराळी आणि तात्पुरत्या कामाची निराळी ठेवून दुसरी ठराविक मुदतीने झाडून काढावी लागते. व्हॉल्यूम वाढविणे सोपे, पण जीएफएस-टू किंवा एक्सएफएससारख्या फाइल सिस्टीम एकदा वाढविल्या की मागे घेता येत नाहीत. म्हणून सुरुवातीला थोडे द्यावे आणि मागणीप्रमाणे वाढवावे, हे धोरण शहाणपणाचे. आणखी एक मोह म्हणजे प्रत्यक्षात नसलेली जागा वाटण्याचा. दहा जणांना प्रत्येकी दहा टेराबाइटची सनद द्यावयाची, जवळ मात्र पन्नासच ठेवावयाचे, कारण सगळे एकदम मागणार नाहीत. हे चालते, जोवर रोज मोजणी होते तोवर. मोजणी चुकली आणि सगळ्यांनी एकदम मागणी केली, तर सनदा खऱ्या असूनही जमीन भरत नाही, आणि लिहिता लिहिता मध्येच जागा संपणे हे फाइल सिस्टीमच्या प्रकृतीला फार वाईट.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र प्रतींच्या बाबतीत होते. डिस्क मरतात, म्हणून एकच मजकूर अनेक डिस्कवर अशा रीतीने विभागून ठेवण्याची पद्धत आहे की एखादी मेली तरी काही हरवत नाही. बर्कलेच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८मध्ये तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि ती रेड या नावाने रूढ झाली. परंतु तिला सुरक्षित प्रत समजणे चूक आहे. ती डिस्कच्या मरणापासून वाचविते. चुकीच्या आज्ञेपासून किंवा आगीपासून वाचवीत नाही. चुकीने पुसलेली फाइल सर्व प्रतींतून सारख्याच निष्ठेने पुसली जाते. डिसेंबर २०२१मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठ्याची राखण करणारी आज्ञावली चालू असतानाच बदलली गेली आणि तिने सुमारे ७७ टेराबाइटचे संशोधन, ३ कोटी ४० लाख फाइली, पुसून टाकले. दक्षिण कोरियात तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागून शासकीय नोकरांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट मजकूर भस्मसात झाला. साठा इतका मोठा होता की त्याची बाहेर प्रत ठेवलीच नव्हती. एका देशाच्या कचेऱ्यांचे दप्तर एका खोलीत होते आणि ती खोली जळाली. प्रगत राष्ट्राचे हे झाले, यावरून धडा असा की यंत्राची प्रगल्भता कारभाराच्या दक्षतेची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा जिल्ह्यातील पतसंस्था असो, सहकारी बँक असो, नगरपालिका असो की महसूल खाते, आपल्या नावचा कागद ज्यांच्या सामाईक साठ्यावर आहे त्यांना तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आणि खातेदाराला आहे, आणि त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. दोन यंत्रांचा संपर्क तुटला तर कोणते लिहील आणि कोणते थांबेल, हे आधी ठरले आहे काय? साठ्याची प्रत दुसऱ्या गावी, निराळ्या छताखाली आहे काय? आणि त्या प्रतीवरून सारे दप्तर पुन्हा उभे करून पाहण्याची रंगीत तालीम शेवटची कोणत्या तारखेला झाली? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक ठिकाणी होकार मिळेल, कारण होकार देण्यास काही लागत नाही. तिसऱ्याला तारीखच सांगावी लागते. वार्षिक सभेत नफ्यातोट्याच्या पत्रकाबरोबर ही तारीखही वाचून दाखविण्याचा पायंडा जी संस्था पाडील, तिच्या दप्तरावर आपले नाव निश्चिंतपणे सोपवावे.